सिरीयलच्या सुट्टीत गावात शॉर्टफिल्म कशी करायची

आधी दिवसांचा हिशोब करा, पैशांचा नंतर. मी गेली काही वर्षं मराठी सिरीयलमध्ये जाऊबाई, नणंद आणि एकदा तर चक्क हिरोची मावशी (हिरो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, असो) असले रोल करतेय, आणि मधे सुट्टी मिळाली की गावी वेंगुर्ल्याच्या बाजूला येऊन शॉर्टफिल्म करते. चार झाल्या आतापर्यंत. त्यातली पहिली इतकी वाईट आहे की ती माझ्या हार्डडिस्कवरून बाहेर पडलेली नाही. गावाकडच्या मुली सारख्या विचारतात ताई हे दोन्ही कसं जमवतेस, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्या अजून सिरीयलमध्ये आलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईला जाऊन राहायच्या आधी गावातच जेवढं स्टेज मिळेल तेवढं करा. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गची कॉलेजं मुंबई विद्यापीठात येतात, म्हणजे युवा महोत्सव आहे, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र रत्नागिरीला आहे, आणि काहीच नाही तर जत्रेतला दशावतार रात्रभर बसून बघा, तिथे लिहिलेलं स्क्रिप्ट नसतं, माणूस उभ्या उभ्या संवाद रचतो, आणि एकच बाकडं घटकेत सिंहासन असतं घटकेत डोंगर. हे बाकडं लक्षात ठेवा, पुढे गोष्ट निवडताना कामाला येणार आहे. ऑडिशन आता बहुतेक फोनवरच पाठवायची असते. फोन आडवा धरा, पाठीमागे साधी भिंत, खिडकी तुमच्या तोंडासमोर पाहिजे पाठीमागे नाही, आधी नाव, वय, उंची, कुठे राहता, भाषा कुठल्या येतात, मग डावी-उजवी बाजू दाखवा आणि मग सीन. फिल्टर लावू नका, त्यांना तुमची खरी स्किन बघायची असते. आणि रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओ फी, वर्कशॉप कम्पल्सरी असं कोणी म्हटलं की नंबर ब्लॉक करा, कारण खरा कास्टिंगवाला कलाकाराकडून पैसे घेत नाही, त्याला चॅनेल किंवा प्रॉडक्शन हाऊस देतं. आमच्या मुलींचे यात खूप पैसे गेलेत म्हणून जरा चिडून लिहितेय.

मुंबईतच सगळं होतं असंही समजू नका. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात शूट झाली तेव्हा इकडच्या किती नाटकवाल्यांना टीव्हीचं दार उघडलं ते इकडे सगळ्यांना माहितीये. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर नेली त्यालाही आता चार दशकं होऊन गेली. त्यामुळे आपली बोली लपवू नका. फक्त एक सांगते, ऑडिशनला 'कोकणी टोन' मागतात तेव्हा त्यांना बऱ्याचदा कुठला कोकणी हे माहीत नसतं, मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी सगळं एकाच पातेल्यात ढवळतात, तुम्ही नम्रपणे विचारा की माणूस कुठल्या तालुक्यातला आहे. विचारलं की लोक जरा दबकतात, मज्जा येते.

आता मुद्द्यावर. सिरीयल लागली की लीड असाल तर महिन्याचे बावीस-पंचवीस दिवस गेले, बारा-तेरा तासांची शिफ्ट, गोरेगाव किंवा मढ किंवा घोडबंदर रोड, जायचं-यायचं वेगळं. सपोर्टिंग रोलला दहा-बारा दिवस लागतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्या मुलीला मनापासून स्वतःच्या फिल्म करायच्यात तिने लीडच्या मागे फार धावू नये. पैसे कमी मिळतात, पोस्टरवर मागच्या रांगेत उभं करतात, पण जाऊबाईला अधूनमधून माहेरी पाठवता येतं, हिरोईनला नाही. मी जिथे होते तिथे मला तीन वेळा माहेरी पाठवलं, तिन्ही वेळा मी खरंच माहेरी गेले आणि दोनदा शूट करून आले.

काँट्रॅक्ट सही करण्याआधी वाचा, सगळं वाचा, कंटाळा आला तरी. त्यात एक्सक्लुझिव्हिटीचा क्लॉज असतोच, म्हणजे सिरीयल चालू असेपर्यंत दुसरीकडे स्क्रीनवर दिसायचं असेल तर परवानगी लागते. बहुतेक वेळा शॉर्टफिल्मला कोणी नाही म्हणत नाही पण तोंडी 'हो गं कर ना' वर जाऊ नका, ईमेलवर एनओसी घ्या, त्यात फिल्म कमर्शिअल नाही आणि सिरीयलचा लुक, कॅरेक्टरचं नाव काही वापरणार नाही असं लिहून द्या. महिन्याला किमान किती दिवस काम देणार तेही काँट्रॅक्टमध्ये टाकून घ्या. पैसे साधारण तीन महिन्यांनी येतात, जूनमध्ये राबलात तर सप्टेंबरात खात्यावर दिसतात, तेही दहा टक्के टीडीएस कापून, जो रिटर्न भरलं की हिशोबाप्रमाणे परत मिळू शकतो, म्हणून रिटर्न भरा. माझे एकदा एका ठिकाणी सात महिने अडकले होते, मी त्या पैशांच्या भरवशावर कॅमेरा बुक केलेला, शेवटी आत्याकडून उसने घेतले. तेव्हापासून नियम असा की जे पैसे खात्यात आलेत तेवढ्याचीच फिल्म.

सुट्टी मागायची पण एक वेळ असते. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात, आकडे पडले की त्याच संध्याकाळी कथेचा ट्रॅक बदलतो आणि तुमची सुट्टी गेली, त्यामुळे ज्या आठवड्यात सिरीयल बरी चाललीये आणि एपिसोडची बँक आहे (म्हणजे पुढचे एपिसोड शूट करून ठेवलेत) तेव्हाच ईपीकडे, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरकडे जा, महिना-दीड महिना आधी, तारखा लिहून. आणि रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं ते त्याच दिवशी करून टाका, सुट्टी नाही मिळाली तर तिकीट रद्द करता येतं पण मे महिन्यात कोकणकन्याचं कन्फर्म तिकीट देवाकडे मागूनही मिळत नाही. गणपतीत शूट ठेवायचा विचारसुद्धा करू नका. वाटतं सगळं गाव घरात आहे, फुकटची गर्दी मिळेल, पण कोणी मोकळं नसतं, घरात तीस माणसं, आणि आवाज म्हणजे सकाळ-संध्याकाळ आरत्या आणि रात्री भजन, वर पाऊस. मी केलंय हे. ती हार्डडिस्कवरची पहिली फिल्म हीच.

गोष्ट कशी निवडायची? इथेच सगळ्याजणी फसतात. सिरीयलमध्ये आपण इतकं काही बघतो, अपहरण, कटकारस्थानं, लग्नाच्या मांडवात वीज जाते, की शॉर्टफिल्ममध्ये पण तेवढंच कोंबावंसं वाटतं. नका करू. दोन दिवस मिळणार आहेत ना, मग दोन दिवसांत होणारी गोष्ट लिहा. एक घर, तीन माणसं, एक भानगड. पंधरा मिनिटांच्या वर गेलात तर फेस्टिव्हलवाल्यांना ती कुठे बसवायची हा प्रश्न पडतो (चाळीस मिनिटांपर्यंत शॉर्ट म्हणतात, ऑस्करचा पण तोच नियम आहे, पण चाळीस मिनिटांची शॉर्ट स्वतःच्या आईशिवाय कोणी बघत नाही). माझी तिसरी फिल्म एवढीच आहे की म्हातारी सासू गणपतीआधी माळ्यावरची भांडी उतरवायला सांगते आणि सून एक भांडं लपवते. बस. बाकडं म्हणजे डोंगर हे इथे कामाला येतं, सासूचा अख्खा संसार दाखवायला फ्लॅशबॅक लागत नाही, तांब्याच्या हंड्यावर घातलेलं नाव पुरतं.

कोणा लेखकाची गोष्ट घेणार असाल तर लेखी परवानगी घ्या, लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत कॉपीराइट त्यांच्या घरच्यांकडे असतो. जुनं गाणं पण तसंच, पार्श्वभूमीला रेडिओवर सहज वाजतंय असं दाखवलं तरी यूट्यूब पकडतं. त्यापेक्षा गावातल्या कुठल्यातरी काकूकडून जात्यावरची ओवी म्हणवून घ्या आणि स्वतः रेकॉर्ड करा. काकूंना मानधन द्या आणि नाव टाका, फुकटात नको.

आता लोकेशन, म्हणजे आपलं गाव, म्हणजे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड. गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना आधी भेटा. देवळाचा परिसर, देवराई, पाणवठा इथे कॅमेरा न्यायचा असेल तर त्यांची परवानगी हीच खरी परवानगी, मग ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. आमच्याकडे शूटच्या सकाळी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा (मुलीचं) काम निर्विघ्नपणे पार पाड, आणि मागून सगळे व्हय म्हाराजा, आणि खरं सांगते मुंबईहून आलेला माझा कॅमेरामन जो देवबिव मानत नाही तो पण हात जोडून व्हय म्हाराजा म्हणाला. त्यानंतर गावात कोणी आडवं आलं नाही. किल्ल्यावर शूट करायचं डोक्यात असेल तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे सगळे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, त्यांची वेगळी परवानगी आणि फी, दोन दिवसांच्या फिल्मला तो व्याप परवडत नाही. सरकारी जागांसाठी चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी आहे, ऑनलाइन अर्ज होतो, तो वेळेत करा.

किनाऱ्यावर शूट असेल तर भरती-ओहोटी बघितल्याशिवाय शेड्यूल लावू नका. मोबाइलवर वेळा मिळतात पण आमच्या आजोबांचा हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, दुपारी तीनला आणि रात्री तीनला भरती, सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं. दुसऱ्या दिवशी तीच भरती जवळपास पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून काल घेतलेला वाळूवरचा शॉट आज त्याच वेळी घ्यायला गेलात तर पाणी वेगळं दिसतं, कंटिन्युइटीचं वाटोळं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी पार सुरूच्या बनापर्यंत येतं, तेव्हा सामान वर ठेवा. होड्या, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), मासळी उतरवताना असं काही पाहिजे असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापाखाली झाकलेल्या असतात. (झाकलेल्या होड्यांची पण एक फिल्म होईल खरं तर. कोणीतरी करा.) आणि रापणवाल्यांना मधेच थांबवून 'काका परत एकदा ओढा' म्हणू नका, ते शिव्या देतील आणि बरोबर देतील.

आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो त्यामुळे सगळ्यांना संध्याकाळ पाहिजे असते. तो सोनेरी उजेड वीसेक मिनिटं टिकतो, त्यात तीन शॉट होतात, पाच लिहू नका. मला विचाराल तर सकाळ घ्या, सात ते साडेनऊ, चिऱ्याच्या भिंतीवर आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, जो उजेड पडतो ना तो फुकटचा आहे. दुपारी बारा ते तीन माजघरात आतले सीन घ्या, छपराच्या नळ्यांमधून (कौलांमधून) कवडसे येतात. ट्यूबलाइट असेल तर कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेमवर आणि शटर पन्नासवर (१/५० सेकंद) ठेवा, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, नाहीतर पडद्यावर पट्टे फिरतात. लाइट जातेच, इन्व्हर्टरवर विसंबू नका, बॅटऱ्या सगळ्या आदल्या रात्री भरा. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास बॅगेतच राहू द्या. खारं वारं लेन्सला चिकटतं, संध्याकाळी पुसून ठेवा.

आवाजाला पैसे द्या. हे मी दोनदा लिहिलं असतं. कॅमेरा थोडा साधा चालतो, फोनवर पण होतं, पण साउंड खराब असेल तर फिल्म घरगुती वाटते. समुद्राची गाज तुम्हाला लहानपणापासून ऐकू येत नाही पण माइकला येते, माडाच्या झावळ्या, रातकिडे, शेजाऱ्याचा पंप, कोंबडा जो काय वाट्टेल तेव्हा आरवतो. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता तिथला आवाज घ्या, एडिटला तो सोन्यासारखा लागतो. माझ्या दुसऱ्या फिल्मला अकरा माणसं, दोन दिवस, सत्तर हजारांच्या आत खर्च झाला, त्यात साउंडवाल्याचं मानधन कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा जास्त होतं. बाकी मोठा खर्च प्रवास आणि जेवण. जेवण घरचंच ठेवा, सकाळी घावणे, दुपारी भात-आमटी नाहीतर बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, पण बनवणाऱ्या काकूला फिल्ममध्ये पण घेऊ नका, एका वेळी दोन्ही होत नाही, कट म्हटलं की ती कढी बघायला पळते.

लहान मूल घेणार असाल तर नियम आहे, दिवसात पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुतण्या आहे, घरचाच आहे, असं म्हणून टाळू नका.

अभिनयाचं काय. सिरीयलला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही, दिवसाला वीस मिनिटांचं फुटेज काढायची जी सवय लागते, पाच मिनिटांत पान पाठ, मार्कवर उभं राहायचं, लाइट कुठे पडतोय ते न बघता कळायचं, हे सगळं तिथेच शिकले आणि दोन दिवसांत फिल्म होते ती त्याच्यामुळे. पण काही गोष्टी विसराव्या लागतात. दार वाजलं की आपण आधी थबकतो, मग मान वळवतो, मग डोळे मोठे करतो, कारण तिथे तीन वेळा झूम होणार असतो. शॉर्टफिल्ममध्ये दार वाजलं की जाऊन दार उघडा. झोपेतून उठताना लिपस्टिक नको. मी पहिल्या दिवशी पहिला तास फक्त घरातली कामं करते, खळं झाडते, भांडी घासते, कॅमेरा चालू नसतो, मग हळूहळू जाऊबाई उतरते अंगावरची. आणि पहिल्या फिल्ममध्ये दिग्दर्शन पण आपलं, मेन रोल पण आपलाच असं करू नका, स्वतःचा टेक स्वतःला कधीच धड दिसत नाही. गावातल्या नाटकातली एखादी घ्या. तिला नंतर काम मिळालं तर तुमचं नाव घेते, घेतेच असं नाही.

एक खूप छोटी पण महत्त्वाची गोष्ट, टॅन. दोन दिवस किनाऱ्यावर उभ्या राहिलात आणि सोमवारी सेटवर गेलात तर आधीच्या सीनमध्ये गोरीपान जाऊबाई आणि दारातून आत आली की सावळी. मेकअप दादा इतके ओरडले होते मला. शॉट नसताना छत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनस्क्रीन दर दोन तासांनी. केसांना, भुवयांना हात लावायचा नाही.

शूट झालं की त्याच रात्री दोन वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या कोणाकडे, एकाच बॅगेत नाही. एडिट मुंबईत पॅकअपनंतर होतो, हळू होतो, तीन-चार महिने धरा. लगेच यूट्यूबवर टाकायची घाई नको, बऱ्याच फेस्टिव्हलना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. मुंबईचा मिफ (डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि अ‍ॅनिमेशन फिल्मचा फेस्टिव्हल) जो दोन वर्षांतून एकदा असतो, केरळचा तिरुवनंतपुरमचा डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्मचा, हे बघा, प्रत्येकाचे नियम वाचून मगच पाठवा, एन्ट्री फी बघा, कारण नुसती फी घेऊन सगळ्यांना ऑनलाइन सर्टिफिकेट वाटणारे 'इंटरनॅशनल' फेस्टिव्हल पण ढिगाने आहेत. इंग्लिश सबटायटल नीट करून घ्या, मालवणीचं भाषांतर मालवणी कळणाऱ्यानेच करावं, माझ्या एका फिल्ममध्ये 'पेज' चं (तांदळाची पेज) पान झालं होतं आणि सासू सुनेला म्हणतेय की गरम पान पिऊन घे. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायची असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, यूट्यूबला लागत नाही.

आणि फेस्टिव्हलचं काहीही होवो, फिल्म आधी गावात दाखवा. देवळाच्या सभामंडपात, रात्री जेवणं झाल्यावर, शाळेचा प्रोजेक्टर मिळतो मागितला तर. माझी भांड्यांची फिल्म दाखवली तेव्हा सासू झालेल्या काकू पहिल्या रांगेत बसलेल्या, संपल्यावर सगळे गप्प, मला घाम फुटला, आणि त्या म्हणाल्या, सगळा बरा झाला गो, पण मी हंडो पुसतंय थय लगेच कापलंस कशाक, माका अजून पुसूचो होतो. घरी येऊन बघितलं तर बरोबर होतं, तिथे चार सेकंद वाढवले आणि मगच पुढे पाठवली. पडद्यासाठी चादर मात्र स्वतःची न्या, पांढरी, बिनफुलांची.